पॅकेज घेण्याआधी खिडकीशी बसा

या वेळचं पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं आधी सांगते. पत्र लिहिणाऱ्या बाईंचं वय 51, पाळी जाऊन दोन वर्षं झालीत, नोकरी चालू आहे, तब्येत ठणठणीत. पण गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या माणसांनी त्यांना विचारलं, काय गं, थकलीस का? आणि तिन्ही वेळा त्या अजिबात थकलेल्या नव्हत्या. दोन भुवयांच्या मधे उभ्या रेघा पडल्यात, रंग सावळा आणि गालांवर वांग आहे, जबड्याची कड पूर्वीसारखी रेखीव राहिली नाही. अडीच महिन्यांनी कॉलेजच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे, तीस वर्षांनी सगळे भेटणार. म्हणून त्या एका क्लिनिकमधे गेल्या. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत. एका काउन्सेलर मुलीने चेहऱ्यावर मोठा लाइट मारून फोटो काढले आणि थेट पॅकेज सांगितलं, बोटॉक्स, त्वचेखाली भर घालणाऱ्या फिलरच्या दोन सिरिंज, लेझरची तीन सेशन्स आणि वर हायफू, सगळं दीड महिन्यात उरकायचं आणि रविवारपर्यंत पैसे भरले तर सूट. मुलगी म्हणते कर, नवरा म्हणतो या वयात कशाला हे सगळं. "मी काय करू?" असं विचारून खाली सही केलीये, 'न थकलेली'.

प्रिय न थकलेली,

रविवार खुशाल जाऊ द्या. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. जी ट्रीटमेंट आज तुमच्यासाठी योग्य आहे ती पुढच्या महिन्यातही योग्यच असणार, आणि चेहऱ्यात सुया खुपसायच्या निर्णयाला जो माणूस तारीख लावतो त्याला तुमच्या चेहऱ्याची घाई नाही, त्याच्या महिनाअखेरची घाई आहे.

दुसरं, पत्रात तुम्ही तीन ठिकाणी माफी मागितलीये, एवढ्याशा गोष्टीसाठी तुमचा वेळ घेते वगैरे. अहो, ही गोष्ट एवढीशी नाहीये. मी वीस वर्षं त्वचेचीच डॉक्टरकी करतेय आणि माझ्यासमोर बसून रडलेल्या बायका, आणि पुरुषही, मोजायला बसले तर मोजून होणार नाहीत. आपण आतून जसे आहोत तसे बाहेरून दिसत नाही, लोक आपल्या चेहऱ्यावरून भलतंच काहीतरी वाचतायत, याचा त्रास होणं अगदी साहजिक आहे. नवऱ्याला सांगा की वय लपवायचं नाहीये, चेहरा जे खोटं बोलतोय ते थांबवायचंय. ते ऐकतील की नाही माहीत नाही पण चेहरा तुमचा आहे, ते मात्र नक्की.

आता कामाचं. उद्या सकाळी तोंड धुऊन, काहीही न लावता, खिडकीशी बसा, उजेड समोरून यायला हवा, आणि हातात छोटा आरसा घ्या. आधी आठ्या घाला, जोरात, कुणाचा तरी खूप राग आलाय अशा. मग चेहरा एकदम सैल सोडा. आठ्या घातल्यावरच दिसते आणि सोडल्यावर जाते ती रेघ स्नायूची. सोडल्यावरही तिथेच बसलेली आहे ती स्नायूने वर्षानुवर्षं घडी घालून घालून त्वचेत कोरलेली. मग आरसा मांडीवर ठेवा आणि मान खाली घालून त्यात बघा, आणि त्यानंतर पलंगावर उताणं झोपून आरसा चेहऱ्याच्या वर धरून बघा. खाली बघताना जे लोंबतं आणि झोपल्यावर जे गायब होतं ते सैलपण, तिथे कुठलंही क्रीम पोचत नाही. आणि सगळ्यात शेवटी बाही वर करून दंडाची आतली बाजू बघा, काखेच्या जरा खाली, आणि ती गालाशेजारी धरा. ती त्वचाही 51 वर्षांचीच आहे बरं का. तिथे डाग नाहीत, रंग एकसारखा, पोत मऊ. गालात आणि त्या दंडात जो फरक दिसतोय ना, तो बहुतेक सगळा उन्हाचा आहे.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला लावते, कारण चेहरा 'म्हातारा' दिसतो म्हणजे एकच काहीतरी होतं असं नसतं. स्नायूंच्या घड्या पडतात, उन्हाने वरचा थर खराब होतो, गालाखालची चरबी आणि अगदी हाडसुद्धा कमी होतं त्यामुळे वरचं कातडं उतरतं, आणि त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, कोलॅजन, तेच घटतं. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतं असं मानतात, म्हणजे तुम्ही सध्या नेमक्या त्याच उतारावर आहात, "एकदम वर्षभरात झालं" असं तुम्हाला वाटतंय ते काही भास नाहीत. यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा. स्नायूच्या रेघेवर लेझर मारला किंवा उन्हाच्या डागावर फिलर भरला तर ते आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आणि तुम्हाला दिलेल्या पॅकेजमधे सगळेच बंब सगळीकडे पाठवलेत, आग कुठे आहे हे कुणी बघितलेलंच नाही.

तुम्हाला लोक थकलीस का विचारतात ते माझ्या अंदाजाने त्या भुवयांमधल्या रेघांमुळे. वांगामुळे कुणी कुणाला थकलेलं म्हणत नाही. तिथे आठ्यांचे स्नायू आहेत, वाचताना, स्क्रीनकडे बघताना, विचार करताना आपण ते नकळत आवळतो आणि समोरच्याला वाटतं ही चिडलीये किंवा दमलीये. बोटॉक्सची गोष्टच इथून सुरू झाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टर हे औषध पापण्या आपोआप आवळल्या जाण्याच्या आजारासाठी देत होत्या, तर 1980च्या दशकात त्यांच्या एका पेशंटच्या लक्षात आलं की भुवयांपाशी इंजेक्शन दिलं की आपला चेहरा निवांत दिसतो. जीन यांचे पती अलेस्टर त्वचेचे डॉक्टर. दोघांनी मिळून त्यावर काम केलं, 1992 साली पेपर छापला, आणि 2002 मधे अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने नेमक्या याच भुवयांमधल्या रेघांसाठी बोटॉक्सला मान्यता दिली. म्हणजे तुमची तक्रार आणि त्या पेशंटचं निरीक्षण, दोन्ही एकाच जागेचं.

होतं काय, तर मेंदूकडून आलेला 'आवळ' हा निरोप नसेच्या टोकाशी अडतो, स्नायूपर्यंत पोचत नाही. नेहमीचा डोस या जागेला बोटॉक्सचे 20 युनिट, पाच ठिकाणी, बारीक सुई, मुंगी चावल्यासारखं होतं आणि पाच छोटे फुगवटे येतात ते थोड्या वेळात बसतात. (ब्रँड बदलला की युनिटही बदलतात, डिस्पोर्टचे याच जागेला 50 लागतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून स्वस्त-महाग ठरवू नका, कुठलं औषध आणि त्याचे किती युनिट हे दोन्ही विचारा आणि बाटली समोर उघडायला सांगा.) तीन-चार दिवसांनी असर सुरू होतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे, आणि टिकतो तीन ते चार महिने. मग स्नायू हळूहळू पुन्हा हलायला लागतो. पहिल्यांदा करताय तर कमी डोस घ्या, दोन आठवड्यांनी गरज वाटली तर थोडं वाढवता येतं, जास्त दिलेलं मात्र काढून घेता येत नाही, उतरेपर्यंत थांबावं लागतं. त्या दिवशी तिथे चोळायचं नाही, चार तास आडवं व्हायचं नाही. क्वचित एखाद्याची पापणी खाली येते, काही आठवड्यांनी आपोआप वर जाते, पण ते आठवडे वाईट जातात आणि म्हणूनच कार्यक्रमाच्या तोंडावर पहिलं बोटॉक्स करायचं नसतं. तुम्ही करणार असाल तर कार्यक्रमाच्या साधारण पाच आठवडे आधी, म्हणजे मागेपुढे काही झालं तर निस्तरायला वेळ राहतो. आणि सैल सोडल्यावरही दिसणारी रेघ पहिल्या वेळी पूर्ण जाणार नाही, फिकी होईल. स्नायूंच्या अशक्तपणाचा मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा आजार असेल तर हे करायचंच नाही, तुम्ही तब्येत ठणठणीत लिहिलंय तरी सांगून ठेवते.

आता वांग, आणि इथे मला तुमची खरी काळजी वाटते. त्या पॅकेजमधली लेझरची तीन सेशन्स ऐकून माझ्या पोटात गोळा आला. सावळ्या त्वचेला उष्णता सोसत नाही असं नाही, पण ती उष्णतेचा राग धरते आणि तो राग काळ्या डागाच्या रूपाने बाहेर काढते. वांग तर उष्णतेने आणि उजेडाने हमखास भडकतं. मागे माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, दुसरीकडे वांगासाठी आयपीएल, म्हणजे त्वचेवर प्रखर उजेडाचे झोत मारणारी ट्रीटमेंट, करून. दोन्ही गालांवर एकाखाली एक असे चौकोनी पट्टे, मशीनचं तोंड जिथे जिथे टेकवलं तिथे तिथे त्याचा अगदी कडा उमटलेला ठसा, आणि दोन पट्ट्यांच्या मधे मूळचा रंग. सात महिने त्या चेहऱ्यावरून ओढणी घेऊन फिरल्या. मशीन चांगलं होतं, चालवणाऱ्याने त्वचेचा प्रकार बघितला नव्हता. डॉक्टर त्वचेचे सहा प्रकार धरतात, फिट्झपॅट्रिक स्केल म्हणतात त्याला, एक म्हणजे उन्हात नुसती भाजणारी अगदी गोरी आणि सहा म्हणजे सगळ्यात गडद. तुमचा प्रकार कुठला हे ज्याने विचारलंही नाही त्याच्या हातात लेझर देऊ नका. सावळ्या रंगाला तुलनेने सुरक्षित लेझर आहेत, 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग त्यातला एक, पण वांगावर तोसुद्धा जपून आणि उशिराने, आधी औषधं.

औषधं म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेली. दुकानातून आणलेली गोरं करणारी मिक्स क्रीम नकोत, त्यातल्या बऱ्याचशांत स्टेरॉइड असतं, पंधरा दिवस चेहरा काचेसारखा होतो आणि मग त्वचा पातळ पडते, केस उगवतात, लाल शिरा दिसायला लागतात आणि क्रीम बंद केलं की वांग दुप्पट. पत्रात नाही लिहिलंय तुम्ही पण असं काही लावत असाल तर डॉक्टरांना ट्यूब दाखवा, लाजू नका.

फिलरबद्दल. तुमचा जबडा उतरलाय असं तुम्हाला वाटतं पण फिलरच्या दोन सिरिंज नेमक्या कुठे भरायच्या हे त्या मुलीने सांगितलं का? पत्रात तरी नाही. फिलर वाईट नाहीत. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचे फिलर गालाच्या वरच्या भागात, जिथे भर कमी झालीये तिथे, चांगल्या हाताने थोडेसे घातले तर नाकापासून ओठापर्यंतची घडी आपसूक हलकी होते, साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतात, आणि आवडलं नाही तर हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचून विरघळवता येतात. पण फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर तिथला रक्तपुरवठा थांबतो, त्वचा आधी पांढरी पडते, मग जाळीदार निळसर, खूप दुखतं, आणि वेळेत काही केलं नाही तर ती जागा मरते. अगदी क्वचित, पण खरोखर, दृष्टी गेल्याच्या घटना आहेत, नाक आणि भुवयांमधली जागा त्यात सगळ्यात धोक्याची. म्हणून फिलर करायची वेळ आलीच तर एकच प्रश्न विचारा, हायलुरोनिडेज आत्ता या खोलीत आहे का, दाखवता का? जो डॉक्टर उठून फ्रिज उघडून बाटली दाखवतो त्याच्याकडे पुढचं बोलणं करा. उडवाउडवी झाली तर पर्स उचला. आणि सगळे फिलर विरघळत नाहीत, कॅल्शियमवाले किंवा पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडवाले या एन्झाइमला दाद देत नाहीत, पहिल्या वेळी ते नकोच. सुईशिवाय प्रेशरने फिलर मारणारी पेनं ऑनलाइन मिळतात त्यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका, एफडीएने 2021 मधे त्याविरुद्ध जाहीर इशारा दिलाय. तुम्हाला माझं म्हणणं, या वेळी फिलर नको. सूज आणि काळंनिळं उतरायला दोन आठवडे जाऊ शकतात, आणि नव्या चेहऱ्याची डोळ्यांना सवय व्हायच्या आत तीस वर्षांनी भेटणाऱ्यांसमोर जायचं, हे मला पटत नाही.

हायफू म्हणजे अल्ट्रासाउंडने त्वचेच्या आत खोलवर बारीक बारीक ठिकाणी उष्णता देऊन कोलॅजन नव्याने तयार करायला लावायचं. थोडंसं सैल असेल तर थोडासा फरक पडतो, पण तो दिसायला दोन-तीन महिने जातात, कधी सहा, म्हणजे गेट-टुगेदरच्या दिवशी तुम्हाला त्यातलं फारसं काही मिळणारच नाही. मुळात चेहरा बारीक असेल तर चरबी आणखी कमी होऊन गाल बसण्याचीही भीती असते. थ्रेड लिफ्टचं, म्हणजे त्वचेखाली दोरे घालून कातडं वर ओढण्याचं, तर नावच नको. मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक बारीक सुयांनी त्वचा टोचणं, बरं आहे, पोत सुधारतो, महिन्या-महिन्याने तीन-चार वेळा करावं लागतं, पण वांग आधी शांत करा आणि घरी रोलर फिरवू नका.

मग करायचं काय? जे सगळ्यात कमी ग्लॅमरस आहे ते. 2012 मधे एका वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता, 28 वर्षं त्याने ट्रक चालवला, खिडकीची बाजू डावी. त्याच्या चेहऱ्याचा उजवा अर्धा एका माणसाचा वाटतो आणि डावा त्याच्या वडिलांचा, जाड, लोंबलेला, खोल चिरा पडलेला. काचेतून ऊन लागत नाही असं आपल्याला वाटतं, पण उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी काच अडवते, यूव्हीए बरंचसं आत येतं आणि कोलॅजन खाणारं मुख्यतः तेच. तुम्ही लिहिलंय की ऑफिसात खिडकीशी बसता आणि सनस्क्रीन "बाहेर जाताना" लावता. ते आता रोज, खिडकीशी बसतानाही.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधे 55 वर्षांखालच्या 900 जणांवर अभ्यास झाला, 2013 मधे छापून आला, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत मोजता येईल इतकीही वाढीव म्हातारी झाली नाही. साडेचार वर्षं! दुसऱ्या कुठल्या बाटलीच्या मागे इतका भक्कम पुरावा मला दाखवा. एसपीएफ 30 किंवा 50, यूव्हीए अडवणारं, आणि तुमच्या वांगासाठी टिंट, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा, असलेलं, कारण साधा दिसणारा उजेडसुद्धा वांग वाढवतो आणि टिंटमधलं आयर्न ऑक्साइड तो अडवतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीच्या रेघा, एवढं चेहरा आणि मानेला. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग म्हणतात सनस्क्रीनने फरक पडत नाही. दुपारी पुन्हा.

रात्री ट्रेटिनॉइन, डॉक्टरांच्या चिठ्ठीने. मुळात मुरमांचं औषध, पण अल्बर्ट क्लिगमन या डॉक्टरांनी 1986 मधे दाखवून दिलं की उन्हाने खराब झालेली त्वचा याने सुधारते. बारीक रेघा, डाग, पोत, तिन्हींवर काम करतं. 0.025 टक्क्यांपासून सुरुवात, वाटाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर, तिसऱ्या दिवशी एकदा, डोळे, ओठ आणि नाकाचे कोपरे सोडून, वरून मॉइश्चरायझर. पहिले काही आठवडे साल निघेल, ओढल्यासारखं होईल, चिडचिड होईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. फार आग झाली तर दोन-चार दिवस थांबा, कारण जळजळीनेही सावळ्या त्वचेवर डाग पडतात, सोसून पुढे रेटू नका. फरक दिसायला तीन ते सहा महिने, म्हणजे हेही कार्यक्रमापर्यंत पूर्ण दिसणार नाही, खोटं कशाला सांगू. (पत्र वाचणाऱ्या तरुण मुलींना, गर्भारपणात किंवा त्याचा विचार चालू असताना ट्रेटिनॉइन लावायचं नाही, बोटॉक्सही नाही.)

म्हणजे तुमच्या त्या अडीच महिन्यांत, आजपासून सनस्क्रीन, पुढच्या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन वांगाची आणि रात्रीची औषधं, आणि मनात असेल तर पाच आठवडे आधी फक्त भुवयांमधे बोटॉक्स, बस्स. एका वेळी एकच गोष्ट, कारण चार गोष्टी एकदम केल्या तर कशाने फायदा झाला आणि कशाने बिघडलं ते तुम्हालाही कळत नाही आणि डॉक्टरलाही नाही. बाकीचं सहा महिन्यांनी बघू, कदाचित तेव्हा तुम्हाला काही नकोच वाटेल, कदाचित गालात थोडा फिलर हवा वाटेल, दोन्ही ठीक आहे.

डॉक्टरांकडे जाताना रक्त पातळ करणारी गोळी, अ‍ॅस्पिरिन, फिश ऑइल असं काही चालू असेल तर लिहून न्या, सुईनंतर काळंनिळं त्याने वाढतं, पण मनाने बंद करू नका. ओठाच्या कडेला तापानंतर येतात तसे फोड पूर्वी आले असतील तर तेही सांगा, तोंडाजवळ पील (औषध लावून वरची साल काढणं) किंवा लेझर केलं की ते उसळतात, आधी गोळी दिली की टळतं. आणि झोप नीट लागते का, रात्री घाम येऊन जाग येते का, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड शेवटचं कधी तपासलं, हेही एकदा बघून घ्या. तुम्ही थकलेल्या नाही म्हणता त्यावर माझा विश्वास आहे, पण या वयात बायका थकव्याची इतकी सवय करून घेतात की तो त्यांना दिसेनासा होतो.

त्या लाइटमधे क्लिनिकने काढलेले फोटो डिलीट करून टाका. तसल्या वरून पडणाऱ्या उजेडात वीस वर्षांची मुलगीही चाळिशीची दिसते. तुमचा फोटो तुम्हीच काढा, त्याच खिडकीशी, महिन्याच्या एका ठरावीक तारखेला, त्याच वेळी, एक आठ्या घालून आणि एक चेहरा सैल सोडून. पहिला उद्या सकाळीच काढा, सनस्क्रीन लावायच्या आधी.